शेतकऱ्यांचे अवचित राज्य

सरकारी नोकरीत ज्याची काही वर्षे गेली आहेत त्याला एक प्रसंग चांगला परिचित असतो. निवडणूक होते, राज्य पालटते आणि एका सकाळी नवा मंत्री खात्याच्या खुर्चीवर येऊन बसतो. पहिले आठ दिवस तो फारसे बोलत नाही. कोणत्या कागदावर सही करावयाची आणि कोणत्या कागदावर नुसती नजर टाकावयाची, हे तो हळूच सचिवाला विचारून घेतो. महिन्याभरात त्याला रीत कळते. निदान त्याच्या शेजारी बसणाऱ्या एखाद्या जुन्या जाणत्या सहकाऱ्याला तरी ती कळत असते.

परंतु ज्या मंत्रिमंडळात असा जुना जाणता एकही नाही, ज्यातील एकानेही पूर्वी मंत्रिपदाची पायरी चढलेली नाही, आणि मुख्यमंत्री कोण व्हावयाचा हेही ज्या पक्षाला निवडणूक जिंकल्यानंतर शोधावे लागले, असे सरकार कधी झाले असेल का? झाले होते. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात १९१९ साली ते झाले आणि पावणेचार वर्षांच्या आत संपलेही. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

शेतकरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सावकाराच्या ओट्यावर बसलेला कर्जबाजारी कुणबी उभा राहतो. ऑन्टारिओचा शेतकरी तसा नव्हता. शंभर एकरांचा तुकडा ही तिथली सर्वसाधारण जमीन, आणि ती बहुधा स्वतःच्या मालकीची. गाई, डुकरे, सफरचंदाची बाग, ओट आणि गवत. दूध चीजच्या कारखान्याला घालावयाचे आणि रविवारी चर्चला जावयाचे. उपाशी नव्हता तो. त्याचे दुःख निराळे होते. त्याचे गाव ओस पडत चालले होते. मुलगे टोरोंटोच्या कारखान्यांत, नाहीतर पश्चिमेकडच्या गव्हाळ मैदानांत निघून जात. १९११ च्या खानेसुमारीत तर असे दिसून आले की प्रांतात शहरवासीयांची संख्या खेडुतांहून अधिक झाली आहे. ज्यांच्या आजोबांनी जंगल तोडून हा प्रांत वसविला ते आता त्यात अल्पसंख्य झाले होते.

याला कारण काय, असे विचारले तर तो शेतकरी एका शब्दात उत्तर देई: जकात. कारखानदारांच्या संरक्षणासाठी परदेशी मालावर जबर आयातकर बसविलेला असल्यामुळे त्याला नांगर, कापणीचे यंत्र, कापड, सारे महाग घ्यावे लागे. स्वतःचा माल मात्र जगाच्या बाजारात मिळेल त्या भावाने विकावा लागे. कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल हे दोन्ही जुने पक्ष कारखानदारांच्या आणि रेल्वे कंपन्यांच्या पंखाखाली आहेत, ही त्याची खात्री होती. हे निदान सर्वस्वी खरे होते असे मला वाटत नाही. शहराकडे धाव घेणारी माणसे जकात नसलेल्या देशांतही धावलीच होती. परंतु राजकारणात निदान किती अचूक आहे यापेक्षा ते किती लोकांना पटते याला महत्त्व असते.

मार्च १९१४ मध्ये टोरोंटो येथे 'युनायटेड फार्मर्स ऑफ ऑन्टारिओ' या संघाची स्थापना झाली. बरोबरच एक सहकारी कंपनी निघाली. संघाने प्रारंभी राज्यक्रांतीची भाषा केली नाही. कंपनीने शेतकऱ्यांना पेंढ्या बांधण्याची सुतळी, बियाणे आणि जनावरांचे खाद्य घाऊक दराने मिळवून देण्यापासून सुरुवात केली. या कामामागे दोन माणसे होती आणि पुढची सगळी कथा या दोघांच्या मतभेदाची आहे, म्हणून त्यांची ओळख आताच करून घेऊ.

पहिले जे. जे. मॉरिसन, संघाचे चिटणीस. आर्थर गावाजवळचे शेतकरी. तरुणपणी काही वर्षे टोरोंटोत नोकरी करून पुन्हा शेतीकडे वळलेले. गावोगाव हिंडून शाखा उभ्या करणे हा त्यांचा पिंड. सत्तेविषयी त्यांना जितका तिटकारा होता तितकाच राजकीय पक्ष या वस्तूविषयीही होता. दुसरे अर्नेस्ट चार्ल्स ड्र्यूरी. हे संघाचे पहिले अध्यक्ष. बॅरी शहराजवळच्या क्राऊन हिल येथे त्यांची वडिलोपार्जित शेती. गेल्फच्या कृषी महाविद्यालयाचे ते पदवीधर. त्यांचे वडील चार्ल्स ड्र्यूरी हे १८८८ मध्ये प्रांताचे पहिले कृषिमंत्री झाले होते, म्हणजे घरात राजकारणाचा वारा लहानपणापासून खेळलेला. उत्तम वक्ते, वाचन दांडगे, आणि दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते.

सुतळी विकणाऱ्या या संघाला राजकारणात कोणी ओढले, तर युद्धाने. १९१७ साली कॅनडाने सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला. डिसेंबरात केंद्रीय निवडणूक होती. ती तोंडावर आली असता लष्करमंत्र्यांनी जाहीर आश्वासन दिले की, शेतावर खरोखर राबणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांना भरतीतून सूट मिळेल. खेड्यांनी मते दिली. पुढे मार्च १९१८ मध्ये जर्मन सैन्याने फ्रान्समध्ये मोठी चढाई केली, दोस्तांची फळी मागे रेटली गेली आणि एप्रिलमध्ये कॅनडा सरकारने वीस ते बावीस वर्षांच्या तरुणांची सूट रद्द केली.

सरकारची अडचण खोटी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. तथापि ज्याच्या घरात एकच हाताशी आलेला मुलगा आहे आणि ज्याला 'अधिक धान्य पिकवा' असे तेच सरकार सांगत आहे, त्याला या अडचणीचे समाधान कसे वाटावे? मे महिन्याच्या मध्यास, ऐन पेरणीच्या दिवसांत, सुमारे पाच हजार शेतकरी ओटावा या राजधानीत जमले. त्यांत क्वीबेक प्रांतातले फ्रेंच भाषिक शेतकरीही होते. एरव्ही या दोन प्रांतांचे लष्करभरतीच्या प्रश्नावर विळ्याभोपळ्याचे सख्य! पंतप्रधान बोर्डन यांनी त्यांची गाठ घेतली, पण निर्णय बदलला नाही. पार्लमेंटपुढे आपले गाऱ्हाणे मांडू द्यावे ही विनंतीही मान्य झाली नाही. शहरी वृत्तपत्रांनी त्यांना देशाच्या कर्तव्यात कुचराई करणारे म्हणून हिणविले. ही माणसे रिकाम्या हातांनी आगगाडीत बसून परतली. माझ्या मते ऑन्टारिओची १९१९ ची निवडणूक त्या परतीच्या प्रवासातच ठरली. जकातीवरची तक्रार तीस वर्षे जुनी होती, तिने कोणाचे सरकार पाडले नव्हते. दिलेला शब्द मोडला गेला, त्यानेच ते पाडले. आणि गंमत अशी की शब्द मोडला तो केंद्र सरकारने. शिक्षा झाली ती प्रांतिक सरकारला, कारण निवडणूक प्रथम प्रांताची आली.

ऑक्टोबर १९१८ मध्ये ह्यूरॉन सरोवरातील मॅनिटूलिन या बेटावरच्या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि बेनायाह बोमन नावाचा शेतकरी संघाच्या वतीने निवडून आला. हा पहिला. पुढच्या वर्षी आणखी एक पोटनिवडणूक संघाने जिंकली. शाखांची संख्या झपाट्याने वाढू लागली. १९१४ साली दोन हजारांच्या घरात असलेले सभासद १९१९ पर्यंत पन्नास हजारांच्या जवळपास पोहोचले. 'वीकली सन' हे जुने साप्ताहिक विकत घेऊन संघाने आपले मुखपत्र केले.

तरीही राज्य करण्याचा विचार कोणाच्या मनात नव्हता. विधानसभेच्या जागा १११. १९१४ च्या निवडणुकीत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने त्यांतल्या ८४ जिंकल्या होत्या आणि तो पक्ष १९०५ पासून सतत सत्तेवर होता. दहावीस शेतकरी विधानसभेत गेले, दोन्ही पक्षांच्या मध्ये तराजूचा काटा धरून बसले, तरी पुष्कळ झाले, अशी अपेक्षा. म्हणून उमेदवार निवडण्याचे काम सर्वस्वी गावच्या शाखांवर सोपविले होते. गावाने आपल्यातलाच एखादा सचोटीचा माणूस उभा करावयाचा आणि त्याने निवडून आल्यावर गावालाच जबाबदार राहावयाचे. प्रांताला पुढारी नव्हता, कारण पुढाऱ्याची गरजच वाटली नव्हती.

त्या निवडणुकीचा दिवस अनेक अर्थांनी नवा होता. प्रांताच्या सार्वत्रिक निवडणुकीत स्त्रियांनी प्रथमच मतदान केले. त्याच दिवशी दारूबंदीवर सार्वमतही घेण्यात आले आणि लोकांनी बंदीच्या बाजूने कौल दिला. दारूबंदीच्या निमित्ताने घराबाहेर पडलेल्या ग्रामीण स्त्रियांच्या मतांनी शेतकरी उमेदवारांची पेटी भरली, असे त्या काळी पुष्कळांना वाटले. यात तथ्य असावे.

निकाल असा लागला: शेतकरी संघ ४४, लिबरल २७, कॉन्झर्व्हेटिव्ह २५, मजूर पक्ष ११, आणि चार इतर. मुख्यमंत्री विल्यम हर्स्ट यांचा त्यांच्याच सू सेंट मरी या गावी मजूर पक्षाच्या उमेदवाराने पराभव केला. वीजमंडळाचे सर्वेसर्वा, प्रांतातले सर्वांत वजनदार गृहस्थ सर ॲडम बेक, तेही पडले. जो काटा धरावयास आला होता त्याच्याच हाती सारा तराजू आला!

येथे एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. मतांची बेरीज केली तर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षच पहिला होता. शेतकरी संघाला एकूण मतांच्या एकपंचमांशाच्या आसपासच मते पडली. संघाने शहरांत उमेदवार उभेच केले नव्हते. ग्रामीण मतदारसंघ आकाराने लहान आणि संख्येने अधिक, त्यामुळे थोड्या मतांत पुष्कळ जागा आल्या. म्हणजे चार माणसांनी इतरांना मते दिली तेव्हा पाचव्याने शेतकऱ्यांना दिले, आणि राज्य त्या पाचव्याचे आले. हा लोकशाहीतला अन्याय म्हणावा तर पूर्वी हेच गणित दुसऱ्यांच्या बाजूने चालत असे आणि तेव्हा त्यांनी तक्रार केली नव्हती.

आता मुख्यमंत्री कोण? निवडून आलेले शेतकरी टोरोंटोत जमले. मॉरिसनना विचारले, त्यांनी नकार दिला. पडलेल्या ॲडम बेक यांचेही नाव पुढे आले होते. निवडून आलेल्यांत सर्वांना मान्य होईल असे कोणी दिसेना. शेवटी जे निवडणुकीला उभेच नव्हते त्या ड्र्यूरींना पाचारण करण्यात आले. त्यांच्यासाठी हॉल्टन मतदारसंघ मोकळा करण्यात आला आणि फेब्रुवारी १९२० मध्ये ते विधानसभेत आले.

पुढची अडचण बहुमताची. शेतकरी ४४ आणि मजूर ११ मिळून ५५. एकशे अकराच्या सभागृहात बहुमताला एक कमी! इकडून तिकडून दोनचार जोडीला घेऊन संसार मांडला गेला. वास्तविक शेतकरी आणि कारखान्यातला मजूर यांचे हित एक नव्हते. मजुराला आठ तासांचा दिवस हवा होता. शेतकऱ्याचा दिवस गाईच्या दुधाबरोबर सुरू होई आणि कधी संपे ते त्यालाच ठाऊक नसे. तरीही दोघांना जुन्या पक्षांचा सारखाच राग, या एका धाग्यावर ही युती चार अधिवेशने टिकली, हे थोडे नव्हे.

१४ नोव्हेंबर १९१९ रोजी मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. मजूरमंत्री हॅमिल्टनचे वॉल्टर रोलो. हे पेशाने झाडू बनविणारे. खाणमंत्री हॅरी मिल्स रेल्वेचे एंजिन हाकणारे. बेनायाह बोमन जंगलखात्यावर. कायद्याचे खाते कोणाकडे द्यावे हा पेच पडला, कारण निवडून आलेल्या शेतकऱ्यांत वकील नव्हता. तेव्हा विल्यम रेनी नावाच्या टोरोंटोच्या वकिलाला बाहेरून आणून ॲटर्नी जनरल केले आणि नंतर निवडून आणले. सभागृहाच्या अध्यक्षपदासाठी नियम जाणणारा मनुष्य हवा होता, म्हणून एका लिबरल सभासदाची निवड केली. त्याचे आडनाव चक्क 'पार्लमेंट' होते. नेल्सन पार्लमेंट. इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

अशा सरकारची शहरांत टवाळी झाली नसती तरच नवल. पण फायलींत वावरणाऱ्या माझ्यासारख्याने त्यांचे काम पाहिले तर टवाळीला जागा फार थोडी दिसते. १९२० सालीच त्यांनी मुले पदरी असलेल्या निराधार विधवांसाठी मातृवेतनाचा कायदा केला. त्याच वर्षी स्त्री कामगारांच्या किमान वेतनासाठी मंडळ नेमण्याचा कायदा झाला. खेड्यातल्या ठेवी शेतीच्या कर्जासाठी उपयोगी पडाव्यात म्हणून सरकारी बचतपेढी काढली. तिची कचेरी १९२२ पासून पुढे ऐंशी वर्षे चालू होती. रेडियल रेल्वेची, म्हणजे शहराशहरांना जोडणाऱ्या विजेच्या गाड्यांची, बेक यांची प्रचंड खर्चाची योजना ड्र्यूरींनी चौकशी आयोगापुढे ठेवली, आयोगाने प्रतिकूल मत दिले आणि ती अडविण्यात आली. मोटारीचे युग दारात उभे असता लोहमार्गांवर कोट्यवधी डॉलर ओतले गेले नाहीत, याचे श्रेय या शेतकऱ्यांना द्यावयास हवे.

मला स्वतःला त्यांच्या कामांपैकी जंगलाचे काम अधिक भावते. दक्षिण ऑन्टारिओत पूर्वजांनी झाडे तोडून जी जमीन साफ केली तिच्यातला पुष्कळसा भाग हलक्या वाळूचा होता. दोन पिढ्या पिके निघाली, मग वाळू उडू लागली आणि शेते सोडून माणसे निघून गेली. सिमको जिल्ह्यात, ड्र्यूरींच्या घरापासून फार दूर नाही, अशी वाळूची माळराने होती. प्रांताचे वनाधिकारी एडमंड झाविट्झ हे कित्येक वर्षे तेथे पाइन लावण्याचा आग्रह धरीत होते. या अधिकाऱ्याला ड्र्यूरी हा ऐकून घेणारा मुख्यमंत्री मिळाला. जिल्ह्याने पडीक जमीन घ्यावयाची, प्रांताने रोपे लावून जोपासावयाची, असा करार ठरला आणि १९२२ साली सिमको जिल्ह्यात हेंड्री येथे त्या पद्धतीचे पहिले जंगल उभे राहू लागले. पाइनचे लाकूड हाती यावयास पन्नास वर्षे लागतात. पुढच्या निवडणुकीत त्याचे एकही मत मिळत नाही.

मते गेली ती अन्यत्र. दारूबंदीची अंमलबजावणी रेनींनी इतक्या कडकपणे केली की बंदीला मत देणारेही धास्तावले. अमेरिकेच्या सरहद्दीवर विंडसरजवळ चोरट्या दारूचा सुळसुळाट होता. तेथे खास निरीक्षक म्हणून नेमलेल्या एका पाद्र्याच्या गोळीने नोव्हेंबर १९२० मध्ये एक खानावळवाला ठार झाला. निरीक्षक निर्दोष सुटला, पण सरकारला लागलेला डाग सुटला नाही. रस्त्यांचेही तसेच झाले. सार्वजनिक बांधकामाच्या मंत्र्याने मोठे पक्के हमरस्ते बांधण्याचा सपाटा लावला. शेतकरी म्हणू लागला, हे रस्ते शहरी मोटारवाल्यांच्या सहलींसाठी, माझी गाडी अजून चिखलातच रुतते. आणि १९२० च्या अखेरीपासून शेतमालाचे भाव कोसळले. त्यावर प्रांतिक सरकारच्या हाती काहीच उपाय नव्हता. जकात ओटावाची, लष्कर ओटावाचे. ज्या दोन कारणांनी हे लोक निवडून आले त्यांपैकी एकही प्रांताच्या अखत्यारात नव्हते. विजयाच्या भरात हे कोणी नीट ध्यानात घेतले नव्हते.

परंतु सरकारचा खरा घात घरातच झाला. ड्र्यूरींचे म्हणणे असे की, एकपंचमांश मतांवर, एका धंद्याच्या लोकांच्या जोरावर आपण पुन्हा निवडून येणार नाही. शहरातल्या सुधारणावाद्यांना, मध्यमवर्गाला बरोबर घेऊन सर्वांचा पक्ष बनविला पाहिजे. मॉरिसनचे म्हणणे नेमके उलट. सर्वांचा पक्ष म्हणजे तिसरा लिबरल पक्ष. आज शेतकरी त्याचा मालक असेल, उद्या नोकर होईल. शेतकऱ्यांनी शेतकरी म्हणूनच निवडून जावे, मजुरांनी मजूर म्हणून, आणि सगळ्या धंद्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून राज्य चालवावे. पक्षही नको आणि पक्षाचा पुढारीही नको. चिटणीस हा विचार गावोगाव आणि मुखपत्रातून मांडीत, आणि मुख्यमंत्री विधानसभेत बसून आपल्याच संघाचा ठपका वाचीत.

कोण बरोबर होते? मी पुष्कळ विचार केला आहे. शासनाच्या दृष्टीने पाहिले तर ड्र्यूरींना दोष देता येत नाही. विधवेचा अर्ज पुढे आला की ती शेतकऱ्याची विधवा की गिरणीकामगाराची, हे मंत्र्याला विचारता येत नाही. खुर्चीच माणसाला सर्वांचा करते. पण मॉरिसनच्या भीतीलाही आधार होता. जुन्या पक्षांत विरून गेलेले शेतकरी त्यांनी पाहिले होते. संघाची शक्ती ओळखीतून आली होती, शाखेच्या सभेला शेजारी शेजाऱ्याला नावाने हाक मारी त्यातून आली होती. सर्वांचा पक्ष झाला की ती ओळख जाते. दोघेही खरे बोलत होते, आणि दोघांनी मिळून एका सरकारला दोन दिशांनी ओढले. आपल्याकडे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेलाही, आंदोलन की निवडणूक, या प्रश्नाने वर्षानुवर्षे छळले आणि १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढल्यानंतरही तो मिटला नाही, हे ज्यांना आठवते त्यांना टोरोंटोतला हा वाद परका वाटणार नाही.

शेवटच्या अधिवेशनात, १९२३ साली, ड्र्यूरींनी मतदानाची पद्धत बदलण्याचे विधेयक आणले. मतांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात, अशी तजवीज त्यात होती. ज्या पक्षाला जुन्या पद्धतीने अवाच्या सव्वा लाभ झाला होता त्यानेच ती बदलू पाहावी हे प्रामाणिकपणाचे होते की दूरदृष्टीचे, कोण जाणे. विरोधी नेते हॉवर्ड फर्ग्युसन यांच्या पक्षाने भाषणांमागून भाषणे लांबवून विधेयक बुडविले. हेच फर्ग्युसन हर्स्ट सरकारात जंगलखात्याचे मंत्री होते आणि लाकडाच्या मक्त्यांतील व्यवहारांवरून शेतकरी सरकारच्या चौकशी आयोगाने त्यांच्यावर कडक टीका केली होती. लोकांनी ती फारशी मनावर घेतली नाही. २५ जून १९२३ च्या निवडणुकीत फर्ग्युसन ७५ जागा घेऊन आले. शेतकरी संघाच्या हाती राहिल्या १७. हॉल्टनमध्ये स्वतः ड्र्यूरी पडले. पुढच्या वर्षी त्यांचे अर्थमंत्री पीटर स्मिथ यांना सरकारी रोख्यांच्या व्यवहारातील फसवणुकीच्या कटाबद्दल शिक्षा झाली आणि सचोटीचे सरकार हा लौकिकही डागाळला.

तोवर ऑन्टारिओतून निघालेली ठिणगी पश्चिमेकडे पोहोचली होती. जुलै १९२१ मध्ये आल्बर्टा प्रांतात शेतकऱ्यांनी ६१ पैकी ३८ जागा जिंकल्या आणि १९३५ पर्यंत राज्य केले. तिथेही संघाच्या पुढाऱ्याने मुख्यमंत्रिपद नाकारलेच. १९२२ मध्ये मॅनिटोबात शेतकरी जिंकले आणि त्यांनी एका कृषी महाविद्यालयाच्या प्राचार्यांना मुख्यमंत्री केले. १९२१ च्याच केंद्रीय निवडणुकीत ऑन्टारिओच्या शेतकऱ्यांनी ॲग्नेस मॅकफेल या शिक्षिकेला पार्लमेंटात पाठविले. कॅनडाच्या पार्लमेंटात बसणारी ती पहिली स्त्री. ड्र्यूरींच्या मंत्रिमंडळातले तरुण मंत्री हॅरी निक्सन १९४३ मध्ये काही काळ मुख्यमंत्री झाले, पण लिबरल म्हणून.

येथे आपल्याकडचेही एक वर्ष जुळते. ऑन्टारिओत शेतकरी मंत्री शपथ घेऊन सहा आठवडेही झाले नव्हते तोच, २३ डिसेंबर १९१९ रोजी, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचा कायदा मंजूर झाला आणि हिंदुस्थानातील प्रांतांत शेती हे खाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपविण्याचे ठरले. पैशाच्या नाड्या मात्र गव्हर्नराच्या हाती राहिल्या, आणि मताचा अधिकार धारा भरणाऱ्या व मालमत्ता असणाऱ्या थोड्यांपुरताच. एकाच साम्राज्याच्या एका टोकाला झाडू बनविणारा मंत्री झाला होता. दुसऱ्या टोकाला झाडू बनविणाऱ्याला मत नव्हते.

पराभवानंतर शेतकरी संघाने संघ म्हणून राजकारणातून अंग काढून घेतले. मॉरिसन १९३६ मध्ये वारले. त्यांनी जपलेली सहकारी कंपनी मात्र पक्षाहून दीर्घायुषी ठरली. १९४८ साली तिचे नाव बदलून ती प्रांतातल्या सहकारी संस्थांची मोठी संघटना बनली. ड्र्यूरी क्राऊन हिलच्या शेतीवर परतले. १९३४ मध्ये त्यांना सिमको जिल्ह्याचे शेरीफ नेमण्यात आले. म्हणजे ज्यांनी मंत्री म्हणून हुकूम काढले ते उतारवयात आमच्यासारखे हुकमाचे ताबेदार झाले. १९६६ मध्ये त्यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या आणि दोन वर्षांनी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तोपर्यंत हेंड्रीच्या वाळूत लावलेल्या रोपांचे पाइनचे दाट वन झाले होते.